तुम्ही विचारलंत म्हणून: क्लासला नाव काय द्यायचं?

'सीएसएसमध्ये एका पानावरचा मथळा नीट करायला जावं, तर भलत्याच पानावरचा बिघडतो. क्लासची नावं ठेवायची तरी कशी?' हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. (सीएसएस म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा; क्लास म्हणजे पानावरच्या घटकाला दिलेलं नाव, ज्यावरून रूपाचे नियम त्याला लागतात.) आमचं उत्तर बेम: ब्लॉक, एलिमेंट, मॉडिफायर. रशियातल्या यांडेक्स कंपनीत ही पद्धत तयार झाली.

बातमीची चौकट घ्या. चौकट म्हणजे ब्लॉक, 'कार्ड'; आतला मथळा हा एलिमेंट, 'कार्ड__टायटल'; ठळक बातमीची चौकट हा मॉडिफायर, 'कार्ड--फीचर्ड'. एलिमेंटआधी दोन अंडरस्कोर, मॉडिफायरआधी दोन हायफन. (देवनागरी नावं सीएसएसला चालतात, पण दर ओळीला कीबोर्ड कोण बदलणार? प्रत्यक्षात रोमनच ठेवा.)

बिघाड होतो तो '.कार्ड .टायटल' (कार्डाच्या आतलं कुठलंही टायटल) अशा सिलेक्टरमुळे, म्हणजे नियम कशाला लागेल हे सांगणाऱ्या भागामुळे. पुढे कुणीतरी कार्डात लेखकाची माहिती टाकतं, तिच्यातही 'टायटल' असतं आणि त्यालाही मथळ्याचा मोठा फॉन्ट लागतो. शिवाय दोन नियम भांडले की जास्त वजनाचा जिंकतो, आणि या सिलेक्टरचं वजन दोन क्लासचं, 0-2-0 (आयडी-क्लास-टॅग अशी मोजणी). साधा '.लेखक-टायटल' 0-1-0, तो हरतो. मग वजन वाढवायला तीन क्लासची साखळी, मग आयडी (एकाच घटकाचं खास नाव), शेवटी '!इम्पॉर्टंट' (साध्या नियमांवर मात करणारा शिक्का). '.कार्ड__टायटल' हा एकच क्लास असल्यामुळे सगळ्या नियमांचं वजन सारखं राहतं आणि नंतर लिहिलेला नियम जिंकतो.

'कार्ड__हेडर__टायटल' असं मात्र करू नका. एचटीएमएलमधली (पानाची रचना लिहिणाऱ्या भाषेतली) उतरंड नावात आली, की हेडर काढल्यावर नाव खोटं पडतं. मॉडिफायर एकटा लावू नका. त्यात फक्त फरक लिहिलेला असतो, म्हणून टॅगवर 'कार्ड कार्ड--फीचर्ड' दोन्ही हवेत. आणि 'बटन--लाल' नको, 'बटन--डिलीट' ठेवा. रंग बदलणारच आहे.

खरी गोची मार्जिनची, म्हणजे चौकटीबाहेरच्या मोकळ्या जागेची. कार्डलाच खालून 24 पिक्सेल दिले, की तेच कार्ड साइडबारमध्ये नेल्यावर ती जागा आडवी येते. ब्लॉकच्या बाहेरची जागा ब्लॉकने ठरवायची नाही. यादीचा ब्लॉक 'बातम्या' असेल तर एकाच टॅगवर 'कार्ड बातम्या__आयटम' लिहा: मार्जिन आणि रुंदी आयटमकडे, पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि रंग कार्डकडे. एकच प्रॉपर्टी दोघांनी लिहिली, तर कोण जिंकणार हे फाइलींच्या क्रमावर जातं आणि दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

सॅसमध्ये (सीएसएस बनवून देणाऱ्या भाषेत) 'कार्ड' च्या जागी '&' वापरून '&__टायटल' लिहिणं सोयीचं खरं, पण 'कार्ड__टायटल' शोधलं तर स्टाइलच्या फाइलीत काहीच सापडत नाही. चार अक्षरं जास्त टाइप केलेली परवडतात. जावास्क्रिप्टसाठी 'जेएस-' ने सुरू होणारा वेगळा क्लास द्या, त्याला स्टाइल अजिबात नको.

जुनी फाइल एका दमात बदलू नका. ज्या भागाला हात लागेल तो ब्लॉक वेगळ्या फाइलीत काढा. जुना क्लास पुसण्याआधी टेम्प्लेट आणि स्क्रिप्ट दोन्हींत शोधा. 'बटन--' ला व्हेरिएबल जोडून बनवलेलं नाव मात्र अख्खं शोधून मिळत नाही, तिथे 'बटन--' एवढंच शोधा.