पाव, पान्को आणि तोन्कात्सु

फोंड्याच्या आमच्या घरात डुकराचे मांस शिजत नाही. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण) आणि चोरीस (मसालेदार सॉसेज) यांची चव मला लागली ती मडगावच्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी, नाताळच्या दिवसांत. आणि त्या झणझणीत, आंबटसर चवीलाच मी इतकी वर्षे पोर्कची चव समजत आलो. त्यामुळे टोकियोत नोकरी करणारा धाकटा भाऊ मागच्या हिवाळ्यात आम्हाला उएनो भागातल्या तोन्कात्सुच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कटलेटच्या, एका जुन्या दुकानात घेऊन गेला, तेव्हा मसाल्याशिवायचे ते मांस मला फिके लागेल अशी माझी खात्री होती.

दुकान जेमतेम पंधरा माणसांचे. पांढऱ्या लाकडाच्या लांब फळीपलीकडे आचारी उभे असतात आणि सगळे काम आपल्या डोळ्यांदेखत चालते. निवड दोनच गोष्टींत करायची होती: कडेला चरबीची पट्टी असलेला ‘रोसु’ किंवा चरबीविरहित, मऊ ‘हिरे’. मी भावाच्या सल्ल्याने रोसु मागवला. बोटभर जाडीचा तो तुकडा मैदा, अंडे आणि पावाचा चुरा यांतून काढून तेलात सोडला गेला. आपल्याकडे तळणीचा जो चरचराट होतो, तो इथे नव्हता. आच बेताची असल्यामुळे आवाज पावसाच्या बारीक सरीसारखा येत होता. तयार कटलेट जाळीवर थोडा वेळ निथळत ठेवून मगच त्याच्या पट्ट्या कापतात, म्हणजे काट्या-सुरीची गरज न पडता चॉपस्टिक्सने ते खाता येते.

वाट पाहत असताना समोर खरबरीत खलातले तीळ आले. ते आपणच वाटायचे आणि त्यात दाट, गोडसर सॉस ओतायचा. सॉस मला जरा जास्तच गोड वाटला. दुसऱ्या पट्टीपासून मी नुसते मीठ आणि किंचित मोहरी घेतली, आणि तेव्हा कुठे त्या चरबीची खरी चव कळली. केसासारखा बारीक चिरलेला कोबी मात्र मी आधी शोभेचा समजलो होतो. तळलेल्या घासानंतर तो गार, कुरकुरीत कोबी तोंड अगदी स्वच्छ करतो. भात, कोबी आणि मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे) सूप हवे तितके परत मिळते. त्याला ‘ओकावारी’ म्हणतात. पंगतीतला आग्रह मात्र नाही, मागितले तरच वाढतात. (बायकोने तीनदा कोबी मागितला.)

हा पदार्थ तसा फार जुना नाही. टोकियोच्याच गिन्झा भागातल्या १८९५ साली सुरू झालेल्या रेंगातेई या उपाहारगृहाने १८९९ च्या सुमारास युरोपीय कटलेट भरपूर तेलात तळायला सुरुवात केली, असे सांगतात. ‘तोन’ म्हणजे डुक्कर आणि ‘कात्सु’ हे ‘कटलेट’चे जपानी रूप. ‘कात्सु’चा दुसरा अर्थ जिंकणे असा असल्यामुळे तिकडची मुले परीक्षेच्या आदल्या दिवशी ते आवर्जून खातात, हे भावाने सांगितले.

माझे मन मात्र अडकले ते वरच्या चुऱ्यात. त्याला ‘पान्को’ म्हणतात; ‘को’ म्हणजे चुरा आणि ‘पान’ म्हणजे पाव. हा ‘पान’ सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानात पोहोचला, आणि आपला ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज शब्दापासून आला. ज्यांचे शव जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये आहे, ते धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहूनच निघून कागोशिमाला उतरले; त्यांच्याबरोबरचा आंजिरो हा जपानी गृहस्थ त्याआधी गोव्यात शिकून बाप्तिस्मा घेतलेला होता. सायकलचा भोंगा वाजवत येणारा आमचा पोदेर (पाववाला) आणि उएनोचा तो आचारी यांच्यातले हे नाते माझ्या ध्यानात आले ते तोंडात घास असताना.

घरी परतल्यावर मी शिळ्या उंड्याचा (कडक सालीच्या गोल पावाचा) चुरा करून पाहिला; कडक सालीमुळे तो काळपट पडला आणि टोचू लागला. मग कातऱ्या पावाची साल काढून आतला मऊ भाग हाताने कुस्करला, न वाळवता ओलसरच वापरला, तेव्हा तळणीला ते हलके, काटेरी रूप आले. पोर्क घरात चालणार नव्हते, म्हणून त्यात इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्या घोळवल्या. आईने दोन खाल्ल्या, तिसरीही घेतली, आणि म्हणाली, “बरं झालंय रे, पण इसवणाला रवाच हवा.”