दहा कानातली, उत्तर वीस

"बाई, बेचा पाढा घोकून घेतलाय त्याच्याकडून, तरी वहीत चुकतोच. एकदा घरी येऊन बघा," दुसरीतल्या एका मुलाची आई शाळेच्या फाटकात म्हणाली. पालकभेटी आम्हाला करायच्याच असतात, म्हणून शाळा सुटल्यावर त्या मायलेकांबरोबर थेट मालाड पूर्वेला कुरार गावात गेले.

खोलीभर चादर अंथरलेली, तिच्यावर कानातल्यांचा ढीग. या भागात इमिटेशन ज्वेलरीचं काम घरोघरी चालतं. मुलाची आई, म्हणजे या ताई, कार्डांना कानातली लावतात. मजुरी ग्रोसवर, म्हणजे 144 नगांवर, म्हणजेच 72 जोडांवर. मनात म्हटलं, दोन-दोनने मोजायला याहून चांगलं साहित्य शाळेच्या कपाटातही नाही.

चिरंजिवांनी आधी पाढा म्हणून दाखवला. बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत एका दमात. मग मी दहा कानातली ओळीने मांडली आणि म्हटलं, "आता दोन-दोनने मोज बघू."

त्याने पहिल्यावर बोट ठेवलं, "दोन." दुसऱ्यावर, "चार." तिसऱ्यावर, "सहा." असं करत शेवटच्यावर बोट आपटून म्हणाला, "वीस आहेत बाई!"

आईने कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं, कारण घोडं कुठे अडलंय ते दिसलं. बालवाडीपासून आम्हीच मुलांना एकास एक संगती शिकवतो: एक वस्तू, एक बोट, एक संख्या. तो ते इमानेइतबारे पाळत होता. वर पाढ्याचं गाणं होतं, पण एकेका पायरीला दोन वस्तू उचलायच्या असतात हे त्या गाण्यात कुठे असतं? अशा मुलाकडून पाढा आणखी शंभरदा लिहून घेतला तरी काही उपयोग नाही.

आधी कुजबुजीचा खेळ घेतला. एक पुटपुटायचं, दोन मोठ्याने. तीन पुटपुटायचं, चार मोठ्याने. एवढ्यात ताई म्हणाल्या, "आम्ही तर असं मोजतो." तर्जनी आणि मधलं बोट फाकवून त्यांनी दोन नग एकदम पुढ्यात ओढले, पुन्हा दोन, पुन्हा दोन. इतक्या झरझर की मलाच दिसेना. "ताई, हेच हळू करा," म्हटलं.

मग पोराने ती दोन बोटं धरली. कानातली निसटत होती, जीभ बाहेर आली होती. "दोन, चार, सहा, आठ, दहा." संपली. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, जणू मधल्या मधे मीच दहा लपवली. मी गप्प बसले. अशा वेळी मोठ्यांनी तोंड उघडू नये. त्याने एकेक करून पुन्हा मोजली. दहाच.

आता ढीगच हवा होता. विसाच्या पुढे "वीस दोन, वीस चार" सुरू झालं तशी आई म्हणाली, "बावीस म्हण!" 2019 साली दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात ही पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत विचाराल तर दोन-दोनने मोजताना ती सोयीची पडते. वीस ओलांडल्यावरही तेच दोन, चार, सहा, आठ ऐकू येतात. बाजारात बावीसच लागणार, तेही यायलाच हवं. म्हणून दोन्ही म्हणून घेतलं.

"तीस आठ"ला आल्यावर चादरीवर एकच उरलं. दोन बोटं तशीच अधांतरी. "बाई, याला जोडीच नाही. चाळीस म्हणू?"

"तूच सांग."

"नाही... तीस आठ आणि हे एक. तीस नऊ."

"एकोणचाळीस?" ताई ताडकन उठल्या. "अगं बाई, मग एक गेलं कुठे? नग कमी भरला की पैसे कापतात हो!" ते चादरीच्या दुमडीत सापडलं. तेव्हापासून माल आला की पहिली मोजणी त्याची, असं ठरलं.

"मोजू दे, पण कामाला बसवू नका," मी निघताना बजावलं.

"छे हो बाई," ताई म्हणाल्या, "हा लावायला लागला तर सगळी कार्डं परत येतील."