पोचलं की कळवा

कोविलपट्टी (तमिळनाडू), रात्री साडेनऊ

त्या माणसाने नंबर दिलाच नव्हता. मग कळवायचं कुठे?

दुपारपासून हेच डोक्यात आहे. ओमलूरच्या अलीकडे चहाला थांबले होते. एमएच १२ पाहून एक गृहस्थ सरळ गाडीपाशी आले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. "पुण्यास्नं आलाय व्हय?" विट्याकडचे निघाले. सेलमला गलाईचं दुकान, वडिलांपासूनचं. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलीत हे ऐकून होते, प्रत्यक्ष कुणी भेटलं नव्हतं. चहावाल्याशी तमिळ इतकं फाडफाड बोलत होते की मला आपलं मराठी उगीच परदेशी वाटायला लागलं. चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. "एकट्याच?" म्हणाले. म्हटलं, एकटीच. मी पुढच्या भाषणाची वाट बघत होते, ते आलंच नाही. स्कूटरला किक मारली आणि जाता जाता म्हणाले, "पोचलं की कळवा बरं का, ताई."

गेले.

सवयीने म्हणाले असणार. गावाकडे निघालेल्या प्रत्येकाला म्हणत असतील. मी मात्र गाडीत येऊन बसले आणि मोठ्याने विचारलं, "कुणाला?" शेजारच्या सीटवर बॅग होती. ती वजनदार असल्यामुळे गाडीला वाटतं माणूस बसलाय, म्हणून बॅगेलाही पट्टा लावावा लागतो, नाहीतर टिंग टिंग थांबत नाही. २०१९ पासून नव्या गाड्यांना ही सक्ती आहे, आणि ऐंशीच्या वर गेलं की वेगळी टिंग टिंग. म्हणजे माझ्यावर अगदीच कुणाचं लक्ष नाही असं म्हणता येणार नाही.

काल चित्रदुर्गला पोचले तेव्हाही कुणाचा फोन आला नाही. पुणे ते चित्रदुर्ग साधारण साडेसहाशे किलोमीटर. खंबाटकीचा घाट, तासवडे, किणी, कोगनोळी, पुढे हुबळीपर्यंत ट्रकच्या रांगा, आणि शेवटी चित्रदुर्गच्या टेकड्यांवरच्या त्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा पाठीचा कणा गळून सीटवर पडलाय असं वाटत होतं. लॉजवर गेले. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड घेतलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला, दुसरं कुणी येतंय का म्हणून. त्याची मला सवय आहे. खोलीत जाऊन फोन चार्जिंगला लावला, उलटा ठेवला, सुलटा ठेवला. घरच्या ग्रुपवर मनूचा एक अंगठा होता, तोही वहिनीने टाकलेल्या आमरसाच्या फोटोला.

आता कुणी म्हणेल, हेच तर हवं होतं ना तुला. हो, हवं होतं. पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा घरात काय महाभारत झालं होतं! सुहास, म्हणजे नवरा, तर म्हणाला होता, ड्रायव्हर घेऊन जा, मागे बस आणि त्याला काय एकटं समजायचं ते समज. दर तासाला फोन यायचे. मी चिडायचे, गाडी चालवताना बोलायचं नसतं हे ह्यांना कळत नाही का म्हणून. मग हळूहळू सगळे शिकले. मीच शिकवलं. चांगलेच शिकले.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन लावून ठेवते ना, त्यामुळे विचारायची गरजच उरलेली नाही. ठिपका दिसतो. ठिपका हलतोय म्हणजे बाई जिवंत आहे. ठिपका थांबला म्हणजे जेवतेय. पण ते लोकेशन आठ तासच चालतं. आज पहाटे पाचला चित्रदुर्गहून निघताना लावलं होतं, ते सेलमच्या आसपास, दुपारी एकला संपलं. त्या चहानंतर थोड्याच वेळात. मी परत लावलं नाही. मुद्दामच. म्हटलं बघू.

काही झालं नाही. नामक्कल गेलं, करूर गेलं, दिंडिगुल गेलं. फोन गप्प.

आई असती तर... तिला ठिपका वगैरे कळलं नसतं. तिचं एकच होतं, "पोचली की मिस कॉल दे." पैसे पडायचे नाहीत म्हणून मिस कॉल. आणि मी दोन रिंगनंतर कट करायच्या आत ती उचलायची, प्रत्येक वेळी, आणि पैसे पडायचेच.

बंगळुरूच्या बाहेरून होसूर रोडला लागलं की मला दरवेळी जरा विचित्र होतं. तिथून ४४ नंबरचा हायवे. पूर्वी हा सात नंबर होता, वाराणसी ते कन्याकुमारी. २०१० मध्ये सगळे नंबर बदलले, आता श्रीनगर ते कन्याकुमारी म्हणतात. पण नंबर काहीही द्या, हा आमचा नागपूरचा वर्धा रोड आहे. होसूरच्या फ्लायओव्हरवर गाडी उलटी वळवली आणि तोंड वर करून चालवत राहिलं की हैदराबाद, आदिलाबाद, हिंगणघाट, बुटीबोरी, चिंचभवन. चिंचभवनच्या पुढचं मी सांगत नाही. तिथे आता दुसऱ्यांची पाटी आहे.

असो. तोप्पूरच्या घाटाबद्दल लिहायचं होतं, ते राहून जाईल. धर्मपुरीहून सेलमकडे जाताना तो उतार लागतो आणि जडच्या जड ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये खाली सुटतात. सगळी भीती त्याचीच. आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शहाण्यासारखं उतरावं आणि आरशात मागे कोण येतंय ते बघत राहावं. माझ्या मागे कोळशासारखं काहीतरी भरलेला एक चौदा चाकी होता. पूर्ण उतारभर मी त्याला मराठीत समजावत होते. "हळू रे बाबा, हळू, तुझ्या पोराबाळांची शपथ." तो खरंच हळू आला. खाली सपाटीला ओव्हरटेक करताना हॉर्न दिला, मीही दिला. दिवसभरातला सगळ्यात समाधानकारक संवाद तोच म्हणायचा.

एकटीने लांब गाडी चालवण्यात मला काय मिळतं हे मला अजून नीट सांगता येत नाही. स्वातंत्र्य बितंत्र्य म्हणतात लोक. खरं सांगायचं तर अर्धा दिवस पेट्रोलची टाकी भरण्यापेक्षा स्वतःची रिकामी कुठे करायची ह्या चिंतेत जातो. पाणी मोजून प्यायचं, स्वच्छ दिसणारा पंप आला की गरज नसली तरी थांबायचं. पण तिसऱ्या-चौथ्या तासाला केव्हातरी डोक्यातली सगळी बडबड दमते. कोण काय म्हणालं, मी काय म्हणायला हवं होतं, सगळं संपतं. मग फक्त रस्ता, दुभाजकातली कण्हेर, आणि पुढच्या गावाची पाटी तमिळमधून वाचायचा खटाटोप. त्या एक-दीड तासासाठी हे सगळं करते मी. आज तो तासही धड मिळाला नाही. त्या गलाईवाल्यांनी घालवला.

संध्याकाळी पावणेसातला इथे पोचले. ह्या गावची शेंगदाण्याची मिठाई प्रसिद्ध आहे, कडलै मिठाई, २०२० मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीची बहीणच, वर किसलेलं रंगीत खोबरं भुरभुरलेलं. पाव किलो घेतली, लॉजच्या पलंगावर बसून निम्मी खाल्ली आणि स्वतःची चिक्कार कीव केली. बाई कन्याकुमारीच्या तोंडाशी येऊन बसलीय, कुणाला पत्ता नाही. उद्या इथेच काही झालं तर बॅगेला पट्टा लावलेला सापडेल, बाईचं काय?

साडेआठला न राहवून मीच सुहासला फोन केला. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून म्हटलं, "पोचले."

"हो, कोविलपट्टीला ना?" टीव्हीचा आवाज मागे चालूच.

"तुला कसं कळलं? लोकेशन तर बंद आहे."

"अगं, फास्टॅगचे मेसेज येतात ना मला. सव्वाचारला कोडाई रोड. मग ते काय ते, कप्पलूर. मग एट्टूर... एट्टूरवट्टम. त्यानंतर काही नाही. म्हटलं थांबली असणार. नकाशात बघितलं, पुढचं गाव कोविलपट्टी." मग म्हणाला, "तिकडे टोल फार आहेत गं. बॅलन्स संपत आला होता, हजार टाकलेत दुपारी."

मला जे बोलायचं होतं ते सगळं तोंडात तसंच राहिलं. दिवसभर जमवलेली वाक्यं होती, चांगली होती. गाडी त्याच्या नावावर, म्हणून फास्टॅग त्याच्या नंबरावर, ह्यावरून मी मागे केवढा वाद घातला होता! तो नंबर बदलून घेणारच होते, बँकेत जायचा कंटाळा केला.

पण तरी. माहीत असणं म्हणजे विचारणं नव्हे ना? त्याला माहीत होतं, मान्य. टोलनाक्यागणिक माहीत होतं. मग एकदा फोन उचलून "पोचलीस का" म्हणायला काय झालं होतं? हे मी त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, माहीत असताना कशाला विचारू? आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आईलाही माहीतच असायचं की. नागपूर-पुणे गाडी किती वाजता पोचते हे तिला तोंडपाठ होतं. तरी फोनशेजारी बसायची. मला बहुतेक ते फोनशेजारी बसणं हवंय, आणि ते आता कुणाकडे मागायचं वय राहिलेलं नाही. सुहास फोनशेजारी बसत नाही, नकाशा उघडून एट्टूरवट्टमच्या पुढचं गाव शोधतो. बसा आता त्याचं काय करायचं ते ठरवत.

त्या गलाईवाल्यांना मात्र खरंच कळवावंसं वाटतंय. सेलमला दुकान आहे एवढंच माहीत. जाऊ दे.

सुहासने फोन ठेवताना विचारलं, "तिरुनेलवेलीचा हलवा किती दिवस टिकतो?" म्हणजे आणायचा आहे. ते नावाजलेलं दुकान संध्याकाळीच उघडतं, म्हणजे परतीलाच जमवावं लागेल. त्याची साखर मागच्या महिन्यात किती आली होती ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

आता पडते. उद्याचा पहिला टोल साळैपुदूर, इथून फार लांब नाही. पाचला निघाले तर साडेपाचच्या आत सुहासच्या उशाशी फोन वाजेल. पाचलाच निघते.