सॅमनच्या पिंजऱ्याखालचा चिखल

परवा पहिल्यांदा सॅम्पलिंगच्या, म्हणजे तळाच्या चिखलाचे नमुने घेणाऱ्या बोटीवर गेले, म्हणजे काम मैत्रिणीचं, मी आपली लटकले सोबत. नॉर्वेतला हार्डांगर फ्योर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची लांब खाडी), पाऊस, आणि पाण्यात सॅमनचे गोल पिंजरे. एकेका पिंजऱ्यात 2 लाखांपर्यंत मासे ठेवायची परवानगी आहे नॉर्वेत, म्हणजे एक अख्खं शहरच की हो, आणि त्याला गटार नाही!

ग्रॅब म्हणजे लोखंडी जबडा, दोरीने खाली सोडायचा, तळाला टेकला की मिटतो. वर आला, उघडला आणि काळाकुट्ट चिखल, सडक्या अंड्याचा वास. मला थेट आजोळची खाडी आठवली, ओहोटीला खारफुटीत पाय रुतला की येतो ना, तोच.

गंमत म्हणजे माशाच्या खाद्यातला सगळा माल एकाच वाटेने जात नाही. नायट्रोजन बराचसा कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यातच विरघळतो, पण फॉस्फरस मुख्यतः विष्ठेतून, आणि न खाल्लेल्या दाण्यांबरोबर खाली बसतो. तळाचे बॅक्टेरिया हे सगळं खायला लागले की ऑक्सिजन संपतो, मग ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि सल्फाइड तयार होतं, तोच हा वास. आणि खरी भानगड इथून पुढे आहे. एरवी चिखलातलं लोखंड फॉस्फेटला, म्हणजे त्या फॉस्फरसलाच, धरून ठेवतं, पण सल्फाइड आलं की लोखंड त्याच्याशी संसार मांडतं आणि फॉस्फेट सुटतं, परत पाण्यात. नायट्रोजनचंही तेच, अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या बॅक्टेरियांना सल्फाइड सोसत नाही, त्यामुळे त्याचा पुढे निरुपद्रवी गॅस होऊन उडून जाणं थांबतं आणि अमोनियाच वर येत राहतो. म्हणजे तळ हा नुसता कचऱ्याचा डबा नाही, तो उलटी पण करतो (सॉरी, जेवताना वाचत असाल तर).

प्रवाह जोरात असेल तिथे एवढं साचत नाही. आणि माशांची एक खेप वाढवून काढली की निदान 2 महिने जागा रिकामी ठेवावी लागते, आपण शेत पड ठेवतो तशी. माझ्या मते 2 महिने म्हणजे फारच कमी.

चिखलाचा पीएच (आम्लता) आणि रेडॉक्स (ऑक्सिजन कितपत संपलाय याचा अंदाज देणारं माप) मोजायला प्रोब आहेतच, पण रंग, बुडबुडे, घट्टपणा यांचे पण मार्क असतात, आणि वासाचे सुद्धा! वास नाही 0, थोडा 2, जोरदार 4. मी बेधडक 4 म्हटलं. मैत्रिणीने 2 लिहिले. म्हणे, तू खरा 4 अजून हुंगलाच नाहीस.