काळ्या मातीत उलटे शॉकअप

मोटरसायकलला पुढे उलटे शॉकअप बसवले की गाडी मऊ चालेल, या समजुतीनं बरेच जण या कामाला हात घालतात. मऊपणा हवा असेल तर आधी जुन्याच शॉकअपचं ऑइल बदला, सील बदला, स्प्रिंगची लांबी मोजा. बहुतेक गाड्यांत चार-पाच वर्षं ऑइलला कुणी हात लावलेला नसतो. ते काळं, पातळ झालेलं ऑइल काढलं तरी गाडी वेगळीच चालते. एवढं करूनही जोरात ब्रेक मारल्यावर पुढचा भाग वाकल्यासारखा वाटत असेल, खड्ड्यातून निघताना हँडल भरकटत असेल, तर मग उलट्या शॉकअपचा विचार करायला हरकत नाही.

फरक असा. साध्या शॉकअपमध्ये क्रोमचा बारीक पाईप वर टीमध्ये (हँडलखाली दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या आडव्या पकडीत) आवळलेला असतो आणि खालचं कवच चाकाबरोबर हलतं. उलट्यात जाड नळी वर आणि क्रोमचा पाईप खाली एक्सलकडे. ब्रेक लावल्यावर वाकवणारा जोर सगळ्यात जास्त येतो तो खालच्या टीपाशी, आणि तिथेच जाड नळी आल्यानं पुढचा भाग ताठ राहतो. नळीच्या भिंतीची जाडी तीच धरली तरी ३७ मिमीवरून ४३ मिमीवर गेल्यावर कडकपणा साधारण दीडपट होतो. उलट्यात तर टीमध्ये आवळलेली बाहेरची नळी त्याहून जाड असते.

आपल्याकडे जुन्या बाजारात जास्त करून केटीएमच्या २०० आणि ३९० ड्यूकचे ४३ मिमीचे सेट मिळतात. २०१९ पासूनच्या डॉमिनार ४०० चे ४३ मिमीचे आणि आर१५ व्ही४ चे ३७ मिमीचे सेटही दिसतात. घ्यायचा तर अख्खा सेट घ्या: दोन्ही शॉकअप, खालची टी, वरची प्लेट, एक्सल, चाक, डिस्क, कॅलिपर, स्पेसर आणि सेन्सर. नुसते दोन पाय, म्हणजे दोन शॉकअप, स्वस्तात घेतले की बाकीचं एकेक शोधण्यात दुप्पट पैसे जातात. बिल मागा. चोरीच्या गाडीचे पार्ट अंगावर यायला नकोत.

सुटे मिळणारे सेट बहुतेक अपघाताच्या गाड्यांचे असतात, म्हणून तपासणी कसून करा. सपाट जाड काच घ्या, क्रोमचा पाईप त्यावर हळू लोळवा आणि खालची फट उजेडाकडे धरून बघा. लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल असेल तर आणखी चांगलं. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.२ मिमी ही मर्यादा दिलेली असते. त्याहून वाकलेला पाईप सरळ करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मग अंगठ्याचं नख पाईपवर वरून खाली फिरवा. नख अडकलं म्हणजे सील फाटणार. दोन्ही पाय टीमध्ये बसवून एकमेकांना समांतर आहेत का, तेही काचेवर ठेवून बघा. टी पिळवटलेली असेल तर तो सेट सोडा.

आता मापं. गाडी सपाट जागी उभी करा, पुढचं चाक उचला आणि जुन्या शॉकअपचं एक्सलच्या मध्यापासून वरच्या प्लेटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. नव्या सेटचं तेच माप घ्या. लांबीत २५ मिमीचा फरक म्हणजे १३५० मिमीच्या व्हीलबेसवर हँडलच्या आसाचा उभ्या रेषेपासूनचा कल साधारण एक अंशानं बदलतो. कल बदलला की ट्रेल बदलतो. हँडलचा आस खाली वाढवला तर जमिनीला जिथे लागेल तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ राहण्याची ताकद बरीचशी यातून येते. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, कल २५ अंश आणि टीचा ऑफसेट (हँडलच्या आसापासून शॉकअपच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर) ३५ मिमी असेल तर ट्रेल १०१ मिमीच्या आसपास येतो. शॉकअप २५ मिमीनं आखूड झाले तर तो ९५ वर येतो. टीचा ऑफसेट मात्र ३५ ऐवजी ३० असेल, तर कल न बदलता तो १०७ होतो. म्हणून नुसत्या लांबीवर भुलू नका, ऑफसेटही मोजा. ट्रेल कमी झालेली गाडी गावात हलकी वाटते, पण चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गावर हिंगणघाटच्या पुढे मोकळा रस्ता लागला आणि वेग वाढला की तिचं हँडल थरथरू लागतं.

आखूड-लांबचा थोडा फरक शॉकअप टीमध्ये वर-खाली सरकवून जुळवता येतो, पण नळीचा जो पट्टा आवळण्यासाठी केलेला असतो तेवढ्यातच.

खरं काम आहे स्टेमचं, म्हणजे खालच्या टीत बसवलेल्या आणि चेसीच्या डोक्यातून वर जाणाऱ्या दांड्याचं. बाकी सगळं पान्यांचं काम आहे, हे लेथचं. चेसीच्या डोक्यातल्या बेअरिंगच्या कपांचा बाहेरचा व्यास, नव्या टीच्या स्टेमचा व्यास आणि स्टेमची लांबी, ही तीन मापं व्हर्निअरनं घ्या आणि बेअरिंगच्या दुकानात चला. नशीब असेल तर बाहेरून चेसीत बसणारी आणि आतून स्टेमवर बसणारी टॅपर बेअरिंग तयार मिळते. नाही मिळाली तर नव्या टीतला स्टेम हायड्रॉलिक प्रेसवर काढून तिथे आपल्या गाडीचा स्टेम किंवा नवीन घडवलेला ईएन-८ स्टीलचा स्टेम बसवावा लागतो. ट्रॅक्टरचे शाफ्ट करणारे लेथवाले हे काम नीट करतात, फक्त माप लिहून द्या. भोकापेक्षा स्टेम ०.०२ ते ०.०५ मिमी जाड हवा. अॅल्युमिनियमची टी ओव्हनमध्ये तापवा, स्टेम रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. ३० मिमीचं भोक १०० अंशांनी तापलं की साधारण ०.०७ मिमीनं मोठं होतं, त्यामुळे स्टेम प्रेसवर फारसा जोर न लावता उतरतो. गॅसच्या ज्योतीनं तापवू नका, जास्त तापलं की अॅल्युमिनियमचा कडकपणा जातो. खालून लॉक किंवा पिन असू द्या. अॅल्युमिनियमच्या टीला वेल्डिंग करून स्टेम धरवणारे कारागीर भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जा. हा एक तुकडा सुटला तर अख्खं पुढचं चाक गाडीपासून वेगळं होतं.

शॉकअप टीमध्ये बसवले की स्प्रिंगा काढून ठेवा आणि पुढचा भाग पूर्ण खाली दाबून बघा. टायर खालच्या टीला, मडगार्ड रेडिएटरला किंवा चाक सायलेन्सरच्या पाईपला लागतंय का? स्प्रिंगा घातल्यावर हे कळत नाही आणि मग ते थेट खड्ड्यात कळतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. जाड नळ्या टाकीला ठेचतात, म्हणून स्टॉपर वाढवावा लागतो. तो इतकाही वाढवू नका की पांदणीत गाडी मागे-पुढे केल्याशिवाय वळणार नाही. चावीचा स्विच नव्या वरच्या प्लेटवर बसतो का आणि हँडल लॉक होतो का, तेही याच वेळी पाहा. जुना स्पीडोमीटर केबलवर चालत असेल आणि नवं चाक सेन्सरचं असेल तर त्याची सोय आधीच ठरवा.

बेअरिंगचा ताण असा बघतात: पुढचं चाक हवेत ठेवून हँडल मधोमध धरा आणि बोटानं हलका धक्का द्या. ते स्वतःच्या वजनानं बाजूला पडलं पाहिजे, पण शॉकअप खालून धरून पुढे-मागे ओढले तर खटका येता कामा नये. नवीन कप बसकण मारतात, म्हणून ३०० ते ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

उलट्या शॉकअपची एक खोड बऱ्याच मेकॅनिकांना माहीत नसते. टी आवळते त्या पातळ भिंतीच्या अॅल्युमिनियमच्या नळीच्या आतच बुश सरकतात. खालच्या टीचे बोल्ट जास्त आवळले की नळी किंचित लंबगोल होते आणि शॉकअप अडकत-अडकत चालतो. मग लोक ऑइल बदलत बसतात. आठ मिमीच्या बोल्टला साधारण १५ ते २० न्यूटन मीटर पुरतो. ज्या गाडीचा सेट आहे तिच्या मॅन्युअलमधला नेमका आकडाच घ्या, आणि दोन बोल्ट असतील तर पहिला, दुसरा, पुन्हा पहिला अशा क्रमानं टॉर्क पान्यानं आवळा. एक्सल घट्ट केल्यावर त्याच्या खालचा आवळणारा बोल्ट सैल ठेवून पुढचा ब्रेक धरा, शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, पायाला आपली जागा घेऊ द्या, मगच तो बोल्ट आवळा.

ऑइलचं मोजमाप लिटरवर सोडू नका. स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली आणि शॉकअप उभा, अशा स्थितीत वरच्या कडेपासून ऑइलच्या पातळीपर्यंतचं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवा. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, तिला बारीक नळी लावा. नळीवर त्या मापाला खूण करून ती खुणेपर्यंत आत सोडा आणि जास्तीचं ऑइल ओढून घ्या. त्याआधी रॉड आठ-दहा वेळा सावकाश वर-खाली करून आतली हवा काढा. मे महिन्यात पारा ४५ वर जातो म्हणून जाड ऑइल घालायचा मोह होतो, पण त्यानं खडबडीत रस्त्यावर शॉकअप आखडतो. मूळ ग्रेडच ठेवा. काही सेटमध्ये एक पाय दाबण्याचं आणि दुसरा परतण्याचं काम करतो, त्यामुळे डावे-उजवे अदलाबदल करू नका.

बसण्याचं माप, म्हणजे सॅग, घ्यायलाच हवं. आतल्या पाईपला प्लास्टिकची टाय लावा. चाक उचलून उघडी लांबी मोजा, मग स्वार नेहमीच्या कपड्यांत बसल्यावर पुन्हा मोजा. शॉकअपची चाल १५० मिमी असेल तर ४० ते ५० मिमी खाली बसणं ठीक. त्याहून जास्त बसत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा. पण प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. हलक्या गाडीचा सेट जड गाडीला लावला असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. मागे युरियाचं ४५ किलोचं पोतं बांधतो म्हणून पुढची स्प्रिंग कडक करू नका, तो भार मागच्या चाकावर जातो.

चाक मधोमध आहे का ते मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून बघा. फरक असेल तर स्पेसर लेथवर करून घ्या. ब्रेकची होज शॉकअप पूर्ण उघडा आणि हँडल पूर्ण वळलेलं असताना ताणली जाऊ नये. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पुढच्या चाकावरच्या सेन्सरच्या रिंगच्या दात्यांची संख्या मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करून एबीएस चालतं, दाते जुळले नाहीत तर ते भलत्या वेळी ब्रेक सोडतं.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही मुलखात लागू आहे. आपल्या मातीचं वेगळं. साध्या शॉकअपची सील चाकापासून बरीच वर असते. उलट्यात ती वरच्या नळीच्या तळाला, खाली तोंड करून बसते आणि क्रोमचा पाईप थेट चिखलाच्या माऱ्यात असतो. वावरातून येताना पाईपवर बसलेला काळ्या मातीचा थर दुपारपर्यंत सिमेंटसारखा वाळतो, आणि तसाच खड्डा लागला की तो सीलच्या ओठाखाली घुसतो. सील फाटली की ऑइल वजनानं खाली उतरतं आणि सरळ कॅलिपर-डिस्कवर पडतं. पॅड ऑइलात भिजले तर पुसून वापरू नका, बदला.

म्हणून प्लास्टिकचे फोर्क गार्ड बसवाच. फवारणीच्या एचटीपी पंपानं गाडी धुताना धार सीलवर मारू नका. माती पाण्यानं भिजू द्या आणि ओल्या चिंधीनं उतरवा. महिन्यातून एकदा डस्ट सील खाली ओढून आत साचलेली बारीक रेती काढा. किंचित पाझर असेल तर पातळ चिवट प्लास्टिकची पट्टी ओठाखाली घालून गोल फिरवली की बऱ्याचदा कचरा निघून पाझर थांबतो. नवी सील घालताना पाईपच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी ऑइल लावून ताणा, नाहीतर पाईपच्या धारदार कडेनंच नवा ओठ कापला जातो.

मडगार्डकडेही लक्ष द्या. रस्त्याच्या गाडीच्या सेटसोबत येणारं मडगार्ड टायरला अगदी चिकटून असतं. पावसात पांदणीनं पन्नास पावलं गेलं की माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून चाक जाम होतं आणि गाडी आडवी. कास्तकाराच्या गाडीला मडगार्ड वर, टीखाली बसवलेलंच हवं. त्याची जागाही स्प्रिंगा काढून केलेल्या तपासणीतच ठरवा.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात मनाजोगा बदल करता येत नाही. कलम १८२ए खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पार्ट विकत घेण्याआधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडू शकतो.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, ३० च्या वेगात, एकट्यानं. ब्रेक हळू लावून बघा, मग जोरात. परत आल्यावर प्रत्येक बोल्टवर निघण्याआधी केलेली रंगाची खूण सरकली नाही ना ते पाहा आणि क्रोमच्या पाईपवरून पांढरी चिंधी फिरवा. तिच्यावर ऑइलची गोल रेघ उमटली तर सील पुन्हा उघडा.