आमची वाटचाल: जुने ग्रास कटर, चेन सॉ आणि आमचं दापोलीचं वर्कशॉप

दापोली तालुक्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. जुने ग्रास कटर, चेन सॉ, फवारणीचे पंप विकत घ्यायचे, पूर्ण खोलून नीट करायचे आणि गॅरंटीने विकायचे हे आमचं काम. सुरुवात टू व्हीलर रिपेरिंगपासून झाली, पण पावसाळ्यात गाड्यांपेक्षा गवत कापायच्या मशीनच जास्त यायला लागल्या, कारण बागेच्या बेणणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही.

खरा धंदा उभा राहिला तो निसर्ग वादळानंतर. 3 जून 2020, त्यात लॉकडाऊन. आंबा, नारळ, सुपारी सगळं आडवं, रस्ते बंद, लाईटचा पत्ता नाही, आणि ज्याच्याकडे चालू चेन सॉ असेल त्याची अख्खी वाडी वाट बघायची. नवीन मशीन मिळत नव्हती म्हणून लोक माळ्यावर पडलेल्या जुन्या घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा कळलं की गावागावात किती चांगल्या मशीन नुसत्या पडून आहेत.

त्या पडतात कशाने ते सांगतो. चाकरमानी गणपतीआधी येतो, परड्यातलं गवत कापतो, टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मशीन पडवीत टांगतो आणि मुंबईला जातो. पुढच्या वर्षी मशीन चालू होत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो, पाईपला चिरा जातात. इंजिन मात्र ठणठणीत असतं, पडदा, पाईप, प्लग बदलला की दोरी ओढल्या ओढल्या चालू. अशी मशीन आम्ही डोळे झाकून घेतो.

पण टू स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, ते न मिसळता नुसतं पेट्रोल घालून चालवलेली असेल तर विषय संपला. म्हणून घेताना आधी सायलेन्सर काढतो आणि भोकातून पिस्टन बघतो, उभे ओरखडे दिसले की फक्त स्पेअरच्या भावात. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली ऑइल, 50:1 म्हणजे 20 मिली, आपल्या मशीनला कुठलं ते पुस्तकात बघायचं, अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ओतायचं नाही. फोर स्ट्रोकची गोष्ट वेगळी, त्यात ऑइल इंजिनात वेगळं भरतात, आणि होंडाच्या जीएक्स35 इंजिनात ते जेमतेम 100 मिली बसतं, त्यामुळे थोडंसं कमी झालं तरी इंजिनला भारी पडतं आणि बरेच जण ते कधी बघतच नाहीत.

विकायच्या आधी प्रत्येक मशीन लोडवर गरम करून बघतो, कारण थंड असताना सगळ्याच छान वाजतात, आणि प्लगला ठिणगी देणारी कॉइल खराब असेल तर ती गरम झाल्यावरच दगा देते. गिऱ्हाईकाला जुने काढलेले पार्ट पिशवीत घालून देतो, काय बदललं ते त्याला दिसलं पाहिजे. चेन ब्रेक, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक, लागत नसेल तर ती चेन सॉ आमच्याकडून बाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. ग्रास कटरच्या गार्डचंही तेच, गवत अडकतं म्हणून लोक काढून टाकतात, पण जांभ्याचा खडा उडून डोळ्यात गेला तर माणूस आयुष्यातून उठतो. गार्ड आणि चष्मा आम्ही मशीनबरोबरच देतो, वेगळे पैसे घेत नाही.

बिल नसलेली मशीन ओळखीच्या माणसाकडूनच घेतो, बागेतून चोऱ्या होतात आणि चोरीचा माल आम्हाला नको. स्वस्तातल्या बिननावाच्या मशीनही शक्यतो टाळतो, आज पार्ट मिळाला तर पुढच्या सीझनला मिळेलच असं नाही, मग गॅरंटी कशाच्या जोरावर द्यायची?

सध्या भाऊ आंब्याच्या फवारणीचे एचटीपी, म्हणजे जास्त दाबाने औषध मारणारे पंप बघतोय, मोहोर यायच्या आत ते तयार हवेत. तुमच्याकडे एखादी मशीन पडून असेल तर टाकी रिकामी करून आणा, आणि बिल सापडलं तर तेही.