४०७ च्या पुढच्या चाकांचं काम झालं एकदाचं

आजचा अख्खा दिवस गॅरेजात गेला पण लय समाधान वाटतंय. आपली जुनी टाटा ४०७ मालगाडी ब्रेक मारला की डावीकडं ओढत होती आणि खड्ड्यातनं गेली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. मिस्त्रींनी पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला, चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट, मग मला म्हणाले ब्रेक दाबून धरा, दाबला तरी प्ले (सैलपणा) तेवढाच, म्हणजे बेरिंग नाही किंगपिनच गेलीय, म्हणजे ज्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती. त्या पिनेभोवतीचा जुना बुश (धातूची नळी) काढल्यावर बघितलं तर एका बाजूनं कागदासारखा पातळ झालेला. नवीन बुश ठोकून बसवले आणि हातानं रीमर (भोक मापात घासायचं हत्यार) फिरवत फिरवत पिन अशी बसवली की ना ढिली ना जाम, हे काम बघत बसावं असं असतं राव. डाव्या चाकाचे ब्रेक लायनर बरे होते पण उजवीकडचा व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ढकलणारा) गळून लायनर तेलकट झालेले, तिकडं ब्रेकच धरत नव्हता म्हणून गाडी डावीकडं पळायची. लायनर दोन्ही चाकांचे एकदमच बदलले, एका बाजूचे बदलून पैसे वाचवायचं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेनं उडवू देऊ नका, जुन्या लायनरात फुफ्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं, पोरं तिथंच श्वास घेतात, पाण्यानं धुवा. स्प्रिंगच्या मेन पाट्याला चीर होती तोही बदलला. आता रिकामी गाडी थोडी चालवून पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट परत आवळायचे, नवीन पाटा बसला की ते ढिले पडतात, मगच माल भरून खंबाटकी घाट उतरायचा.